समुद्रकाठी कायमचं घर? आधी एक पावसाळा काढून बघा!

बेळगावच्या माणसाला गोवा काही लांब नाही. चोर्ल्याचा घाट उतरला की साखळी, डिचोली, म्हापसा. सकाळी घरी पोहे खाऊन निघालं तर दुपारचं जेवण समुद्राकाठी. पुण्याचे पाहुणे आले की गोवा, मुलांच्या परीक्षा संपल्या की गोवा, आणि काहीच कारण नसलं तरी गोवा. आमचं लग्न झालं 1988 साली. त्याच हिवाळ्यात आम्ही दोघं कदंबाच्या बसनं कळंगुटला गेलो होतो. संध्याकाळी वाळूत बसून हे म्हणाले, ‘‘रिटायर झालो की इथंच येऊन राहायचं बघ.’’ मी हसले. नवीन लग्न झालेली बाई आणखी काय करणार?

ते बोलणं मी विसरून गेले, पण हे विसरले नव्हते. 2023 मध्ये बँकेतून निवृत्त झाले आणि सत्काराचा हार भिंतीवर सुकायच्या आत घरात गोव्याच्या फ्लॅटची माहितीपत्रकं यायला लागली. डिसेंबरात आम्ही मोरजी-मांद्रेच्या पट्ट्यात जागा बघत फिरलो. हवा कशी, तर अंगावर पातळ शाल घ्यावी अशी. समुद्र शांत, माडांच्या सावल्या, रस्त्यावर रशियन भाषेतल्या पाट्या. गॅलरीत उभं राहिलं की माडांच्या मधून पाण्याची निळी रेघ दिसायची. ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

अडचण एकच होती. बेळगावातलं शहापूरचं घर विकल्याशिवाय तो फ्लॅट घेता येत नव्हता. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडणे तालुक्यातल्या जागांना भलताच भाव आला. घराचे पैसे अधिक ग्रॅच्युइटी, तेव्हा कुठं दोन खोल्या आणि एक गॅलरी. आमच्या घराला गिऱ्हाईकही तयार होतं. ज्या घरात मी सून म्हणून आले, दोन्ही मुलांची बारशी ज्या माजघरात झाली, ते घर सहीच्या एका फटकाऱ्यात जाणार होतं. आणि मी ‘नको’ म्हणत नव्हते. पस्तीस वर्षं मनात धरलेली गोष्ट मोडायची कशी?

वाट काढली ती लेकीनं. पुण्याहून फोनवर म्हणाली, ‘‘आई, घर विकायच्या आधी चार महिने भाड्यानं राहून बघा की. आणि डिसेंबरात नको, जूनमध्ये जा.’’

जूनमध्ये कुणी येतं होय?

भाड्याची जागा दाखवणारा एजंट हसलाच. म्हणाला, जूनमध्ये लोक जातात, येत नाहीत. जागा मात्र लगेच मिळाली आणि भाडंही माफक. पण करार सप्टेंबरअखेरपर्यंतच. ऑक्टोबरपासून मालक तीच जागा पर्यटकांना दिवसाच्या भाड्यानं देणार. पर्यटनाच्या गावात भाडेकरू म्हणून वर्षभर राहणं किती अवघड आहे, ते कळायला हा पहिला धडा पुरेसा होता.

2024 च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोन ट्रंका, कुकर, मिक्सर आणि देव घेऊन घाट उतरलो. समुद्र तोच होता, पण रंग मातीचा झाला होता. किनाऱ्यावरची खोपटी, शॅक म्हणतात ती, मे अखेरीलाच उतरवलेली. वाळूत लाल निशाण. पावसाळ्यात पाण्यात उतरायला मनाई असते आणि जीवरक्षक शिट्ट्या मारून माणसं परत फिरवतात. डिसेंबरात जिथं बसायला जागा नव्हती, त्या हॉटेलांना निळ्या ताडपत्र्या बांधलेल्या. ‘‘मासे तरी खाऊ,’’ म्हणून हे पिशवी घेऊन निघाले, तर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद! हे 61 दिवस ट्रॉलर समुद्रात जात नाहीत. म्हणूनच गोव्याची माणसं मे महिन्यातच सुकी मासळी, सोलं, मिरच्या, कांदे भरून ठेवतात. त्याला तिकडं पुरुमेंत म्हणतात. आमच्या इमारतीच्या मागे एका मावशींचं जुनं कौलारू घर आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी कुंपणावरून विचारलं, ‘‘पुरुमेंत भरलं काय, बाय?’’ आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

पाऊस आपल्याला नवा नाही, तरीही...

आपण बेळगावकर पावसाला भिणारी माणसं नव्हे. पण आपल्याकडं वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पडतो आणि गोव्याच्या किनाऱ्यावर 3000 च्या घरात. तोही बहुतेक चार महिन्यांत. शिवाय आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर. आपला पाऊस गार आणि तिथला पाऊस दमट. पाऊस थांबला की घाम.

पंधरा दिवसांत ह्यांच्या चामडी पट्ट्यावर बुरशी आली. ट्रंकेतली माझी पैठणी मी घाबरून दर आठवड्याला उघडून बघायची. पापड मऊ, मीठ पाणी सोडतंय, काडेपेटीची काडी पेटत नाही. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि वाळले तरी त्यांचा कुबट वास जात नाही. खाऱ्या वाऱ्यानं फाटकाची बिजागरी, गॅसची शेगडी, फ्रिजची मागची जाळी यांना गंज धरतो. इमारत नवी असो वा जुनी, समुद्राजवळच्या घराला रंग, पाणीगळती आणि लोखंड यांचा खर्च गावातल्या घरापेक्षा जास्तच येतो. वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. हे सगळं मावशींना काहीच वाटायचं नाही, कारण त्यांचं घर त्या पावसासाठीच बांधलेलं. उतरतं कौल, खोल पडवी, उंच जोतं. आमचा फ्लॅट डिसेंबरसाठी बांधलेला होता.

चोवीस फ्लॅट, तीन दिवे

ह्यांना सवय आहे, जेवण झालं की शतपावली. बेळगावात नाथ पै चौकापर्यंत गेले तर परत यायला तास लागतो, कारण वाटेत दहा माणसं भेटतात. तिथं इमारतीभोवती फेऱ्या मारायचे. एके रात्री वर आले आणि म्हणाले, ‘‘अगं, चोवीस फ्लॅट आहेत आणि दिवे तीनच घरांत. एक आपलं, एक वॉचमनचं.’’

बाकीचे मालक दिल्ली, मुंबई, बेंगळुरूचे. वर्षातून पंधरा दिवस येणारे. नाताळात इमारत भरलेली बघून आम्हाला वाटलं होतं, केवढा शेजार मिळेल! शेजार नव्हताच, पाहुणे होते. सुट्टीच्या गावात घर घेताना आपण खोल्या मोजतो, गॅलरीतून समुद्र दिसतो का ते बघतो, पण दिवे मोजत नाही. ते जुलैच्या रात्री मोजावे लागतात.

ती रात्र

आषाढातली गोष्ट. रात्री साडेदहाला वीज गेली. जिन्यातून पाणी आत येतंय का बघायला मी बाहेर आले आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. उजवा हात खाली सापडला. मनगट बघता बघता सुजलं.

हे घाबरून गेले. बेळगावात असतो तर एव्हाना शेजारच्या काकू, समोरचा रिक्षावाला, कोपऱ्यावरचे डॉक्टर, सगळी गल्ली गोळा झाली असती. इथं ह्यांच्याकडं एकही नंबर नव्हता. एजंटाचा फोन बंद. माझी ट्रंकेतली ओढणी हाताला बांधून हे पावसात धावले ते मावशींच्या दारात. मावशींचा मुलगा टॅक्सी चालवतो. त्यानं एक शब्द न विचारता गाडी काढली. चोपडेचा पूल ओलांडून, शिवोलीवरून म्हापशाला नेलं. वाटेत दोन ठिकाणी झाड पडलेलं. मावशी माझ्याबरोबर मागे बसल्या होत्या. एक्स-रे झाला, हाड मोडलेलं निघालं, प्लॅस्टर घातलं. उजाडताना परत आलो. पैसे विचारले तर मुलगा म्हणाला, ‘‘आईला विचारा.’’ आणि मावशींनी जे बघितलं माझ्याकडं, त्यानंतर पुन्हा पैशाचा विषय काढायची छाती झाली नाही. ‘देव बरें करूं’ एवढं कोंकणी मला येत होतं, तेवढंच म्हटलं.

हाडावरच भागलं म्हणून बरं. छातीत कळ आली असती तर? मोठं रुग्णालय म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, तिथून आणखी लांब. रुग्णालय चांगलं आहे, पण साठीच्या माणसानं ते किती लांब आहे हे नकाशात बघून चालत नाही. पावसाळी रात्री, वीज गेलेली असताना मोजावं लागतं.

तिथं जीव रमला तो कशात?

एवढं सांगून तुम्हाला वाटेल, आम्ही दुसऱ्या दिवशी ट्रंका बांधल्या. तसं झालं नाही. उलट गंमत अशी की, हात गळ्यात बांधल्यावर माझीच तिथं जास्त ओळख झाली. मावशी रोज पेज घेऊन यायच्या. त्यांच्या जावा, सुना, भजनातल्या बायका येऊन बसायच्या. त्यांची कोंकणी, माझी बेळगावची मराठी. पहिल्या आठवड्यात दमले, मग अडेनासं झालं. जूनच्या 24 तारखेला सांजांव झाला होता, तेव्हा डोक्यावर फुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारणारी पोरं आम्ही लांबूनच बघितली होती. नागपंचमी मात्र मी त्यांच्या पडवीत केली.

आणि भाषेचं काय सांगू! आपण सीमाभागातली माणसं. मराठी पाटी, मराठी कागद यांसाठी आपल्या दोन पिढ्या झगडल्या. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्यानं कोंकणी राजभाषा झाली, पण सरकारी कामात मराठीही वापरण्याची मुभा आहे. देवळाच्या फलकावर मराठी, जत्रेतल्या नाटकात मराठी, पेडण्याच्या बाजारात मराठी. हे पंचायतीत काही विचारायला गेले आणि मराठीत अर्ज लिहून दिला. तो कुणी परत केला नाही. त्या दिवशी घरी येऊन ते बराच वेळ गप्प बसले होते. तो आनंद मी विसरणार नाही. गोव्याकडं आपला ओढा नुसता समुद्रासाठी नसतो, हे मला त्या दिवशी समजलं.

पण एका दुकानात मागे कुणीतरी ‘घाटी’ म्हटलेलंही ऐकलं. राग आला नाही, असं कसं म्हणू? नंतर विचार केला, बाहेरच्यांनी जागा घेऊन घेऊन त्यांच्याच पोरांना गावात घर घेणं परवडेनासं झालंय. मावशींचा टॅक्सीवाला मुलगा लग्न झाल्यापासून वेगळी जागा शोधतोय. आम्ही जो फ्लॅट बघत होतो, तसा घेणं त्याला जन्मात शक्य नाही. मग त्यांच्या नजरेत आम्ही कोण?

भाजीचं दुकान मात्र माझं माहेर झालं होतं. गोव्यात सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या स्टॉलवर सवलतीत भाजी मिळते आणि ती बहुतेक आपल्या बेळगावची! कोबी, फ्लॉवर, गाजर हातात घेतलं की मला आपल्या भाजी मार्केटचा वास यायचा. ‘‘आपण दोघीही घाट उतरूनच आलोय,’’ असं मी एकदा कोबीला म्हटल्याचं हे सगळ्यांना सांगत सुटले होते.

कागद बोलतात ते ऐका

ह्यांचे एक वकील मित्र ऑगस्टमध्ये येऊन राहिले. त्यांनी ज्या गोष्टी समजावल्या, त्या इतरांच्याही उपयोगी पडतील.

भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमनाखाली येतो. 1991 पासून हे नियम आहेत, मधे बदललेही आहेत. ‘समुद्राला लागून’ असं जाहिरातीत म्हटलं असेल, तर बांधकामाची परवानगी आधी बघायची. जमिनीसाठी एक-चौदाचा उतारा बघायचा. त्यात कुळाचं नाव आहे का, जागेत मुंडकार आहे का, हे तपासायचं. मुंडकाराला 1975 च्या कायद्यानं संरक्षण आहे, त्याला सहज हलवता येत नाही. 2023 च्या कायद्यानं भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, तेव्हा ‘पुढं बिगरशेती करून देतो’ या आश्वासनावर पैसे देऊ नयेत. विकणारा गोवेकर असेल तर नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात, कारण तिथल्या नागरी कायद्यात लग्नानंतर मालमत्तेवर दोघांचा हक्क येतो.

राहायला गेलो म्हणजे लगेच तिथले झालो, असंही नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची ज्येष्ठांची मदत 15 वर्षं गोव्यात राहिलेल्यांना मिळते, तर दीनदयाळ आरोग्य योजनेसाठी 5 वर्षांचं वास्तव्य लागतं. आपली केए-22 ची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त तिथं ठेवली तर नोंदणी बदलावी लागते. वय वाढतं आणि हक्क मात्र पहिल्यापासून सुरू होतात, हे साठीत जाणाऱ्यानं लक्षात घ्यावं.

मग ठरलं काय?

7 सप्टेंबरला चवथ झाली. मावशींच्या घरी माटोळीला रानातली फळं, फुलं, वेली बांधल्या होत्या. आरती मराठीत. ह्यांनी टाळ वाजवला. आरती संपल्यावर आम्ही दोघं किनाऱ्यावर गेलो. पाणी निवळायला लागलं होतं. नव्या हंगामासाठी कुठं कुठं बांबू येऊन पडले होते.

हे म्हणाले, ‘‘घर विकू नये असं मला वाटतंय.’’

मी म्हटलं, ‘‘मला तर पहिल्या दिवसापासून वाटतंय.’’

‘‘मग बोलली का नाहीस कधी?’’

‘‘तुम्ही विचारलंत कधी?’’

हे काही बोलले नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांनी ‘आपण जायचं’ म्हटलं होतं, ‘जायचं का?’ असं विचारलं नव्हतं. आणि मीही न बोलण्यालाच समजूतदारपणा मानत आले होते. चूक दोघांची होती. निवृत्तीनंतर गाव बदलण्याचा निर्णय चुकतो तो बऱ्याचदा जागेमुळे नव्हे, या न विचारण्यामुळे आणि न बोलण्यामुळे, असं मला आता वाटतं.

शहापूरचं घर आम्ही विकलं नाही. मावशींनी पडवीलगतच्या दोन खोल्या नीट करून घेतल्या आहेत. तिथं वर्षातले दोन-अडीच महिने जाऊन राहतो, भाडं देऊन. मावशी घेत नव्हत्या, पण ‘भाडं नाही तर येणं नाही’ म्हटल्यावर घेतलं. हंगामाची गर्दी टाळून जातो. समुद्र दिसत नाही तिथून, पण रात्री ऐकू येतो. दिवे मात्र सगळ्या घरांत असतात.

सगळं गोड झालं, असं मात्र म्हणणार नाही. ह्यांच्या टेबलाच्या काचेखाली अजून भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे. कधी कधी संध्याकाळी ते बघत बसतात आणि मला माहीत असतं, मन कुठं आहे. पस्तीस वर्षांचं स्वप्न अर्ध्यावर आणून ठेवणं सोपं नसतं.

आमच्या ओळखीचं टिळकवाडीतलं एक शिक्षक जोडपं वेंगुर्ल्याला कायमचं गेलं आणि आनंदात आहे. पण तिथं त्यांचं वडिलोपार्जित घर आहे, चुलतभाऊ शेजारी आहेत, ग्रामदेवतेचा मान आहे. ते सुट्टीच्या गावी गेले नाहीत, आपल्या गावी परतले. कारवार असो, मालवण असो की गोवा, हा फरक आधी ओळखावा.

जाण्याआधी स्वतःला विचारा

* त्या गावी सलग एक पावसाळा आणि एक मे महिना राहिलो आहोत का?
* रात्री दोन वाजता दार वाजवता येईल असं एक तरी घर तिथं आहे का?
* चांगलं रुग्णालय पावसात किती वेळाच्या अंतरावर आहे?
* इथलं घर विकल्याशिवाय जमत नसेल, तर परत यायची वाट उरते का?
* दोघांपैकी एकजण मागे राहिला तर तो किंवा ती तिथं एकटी राहू शकेल का?
* समुद्र बघून झाल्यावर दिवसभर काय करणार?
* आणि सगळ्यात आधी, जोडीदाराला खरंच विचारलं आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘तिला काय, ती येईलच’ असं असेल, तर टोकन देऊ नका. आधी घरात बसून चहा करा आणि विचारा. आम्हाला त्यासाठी एक पावसाळा आणि एक मोडलेलं मनगट लागलं. तुम्हाला तेवढं लागू नये!